मनाचा हिशेब तपासा
(नवदीक्षित कुटुंबांसाठी अभ्यासपाठ)



धम्मदीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या, घरी येऊन देव्हाऱ्यातील टाक आणि तसबिरी उतरविल्या, त्या जागी तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बाबासाहेब यांच्या प्रतिमा ठेवल्या. हे सारे एका दिवसात होते. पुढचे काम मात्र एका दिवसात होत नाही. महिना-दोन महिने जातात. घरातल्या लहानग्याला ताप येतो किंवा घरधन्याचे काम सुटते. मग शेजारीण दारात येऊन हळूच म्हणते, "देव काढलेत ना, म्हणून हे झालं." घरातली म्हातारी काही बोलत नाही, पण त्या रात्री तिला झोप लागत नाही.

आपल्या पनवेल तालुक्यात कोकणातले मूळचे लोक आहेत, तशीच कळंबोली, कामोठे, खारघर, तळोजा येथे घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबेही आहेत. कोणाच्या घरी खंडोबा होता, कोणाकडे मरीआई, कोणाकडे गावदेव. दैवते निरनिराळी होती. पण दीक्षेनंतर मनात उठणारी शंका सगळीकडे एकच असते. ही शंका दडपून टाकल्याने जात नाही आणि शंका घेणाऱ्याला हसल्यानेही जात नाही. ती कोठे जन्मते हे पाहिले पाहिजे. ती जन्मते मनात. म्हणून आजच्या पाठात आपण मनाचाच अभ्यास करणार आहोत. मन ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ते आपले असून आपल्यालाच फसविते, आणि फसविताना "मी फसवीत आहे" असे कधीच सांगत नाही.

धम्मात मनाचे स्थान

'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. बुद्धाच्या शिकवणुकीचे वेगळेपण सांगताना बाबासाहेबांनी पहिला मान मनाला दिला आहे. सर्व गोष्टींच्या केंद्रस्थानी मन आहे, म्हणून मनाला वळण लावणे हे पहिले काम, असा तेथे त्यांचा आशय आहे. धम्मपदाची सुरुवातही मनाच्या प्राधान्यानेच होते.

कोसल देशातील केसपुत्त गावच्या कालाम लोकांनी तथागतांना विचारले होते, की अनेक श्रमण-ब्राह्मण येतात, प्रत्येकजण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तथागतांनी त्यांना सांगितले, की परंपरा आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. ते हिताचे आहे की अहिताचे हे स्वतः पारखा आणि मग स्वीकारा. ही शिकवण आपण अनेकदा ऐकतो. पण पारखायचे कशाने? मनानेच. तराजूच जर एका बाजूला कलता असेल, तर माल तोलण्यापूर्वी तराजू तपासावा लागतो. म्हणून खालील प्रयोग मुलांना जवळ घेऊन घरी करून पाहा. पैसा लागत नाही, मंत्र लागत नाही.

डोळ्याची साक्ष

एका कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला एक फुली काढा. तिच्या उजवीकडे सरळ रेषेत आठ सेंटिमीटरवर हरभऱ्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे टक लावा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. सुमारे एक फुटावर आला की ठिपका नाहीसा होतो. आणखी जवळ आणला की पुन्हा दिसू लागतो.

ही जादू नव्हे. डोळ्याच्या आतील पडद्यातून जेथे मज्जातंतूंची जुडी मेंदूकडे निघते, तेथे पाहणाऱ्या पेशीच नसतात. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक डोळ्यात असा एक आंधळा ठिपका आहे. सतराव्या शतकात फ्रान्समधील मारियोत या शास्त्रज्ञाने तो दाखवून दिला. नवल पुढेच आहे. ठिपका गेला तेव्हा त्या जागी तुम्हाला भोक दिसले काय? नाही, पांढरा कागद दिसला. डोळ्याने जे पाहिलेच नाही, ते मेंदूने आजूबाजूचा रंग घेऊन भरून काढले. जन्मभर तो हेच करीत आला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

दुसरा प्रयोग वैशाखी पौर्णिमेच्या सायंकाळी करा. पूर्वेच्या डोंगररांगेवर चंद्र वर येतो तेव्हा परातीएवढा भासतो. मध्यरात्री डोक्यावर आला की वाटीएवढा. हात पूर्ण लांब करून करंगळीचे नख त्याच्यापुढे धरा. दोन्ही वेळा चंद्र त्या नखाआड पुरा झाकला जातो. चंद्र लहान-मोठा झालेला नाही. फरक केला तो मनाने. आणि हे कळल्यावरही पुढच्या पौर्णिमेला उगवता चंद्र मोठाच दिसतो, हे ध्यानात ठेवा. चूक समजली म्हणून भास थांबत नाही. मात्र भासावर विश्वास ठेवायचा की नाही, हे आपल्या हाती येते.

पनवेलहून बोरघाट चढून पुण्याकडे जाताना खंडाळ्याजवळ एक सुळका लागतो. आपले लोक त्याला नागफणी म्हणतात, कारण त्यांना त्यात फणा काढलेला नाग दिसला. इंग्रज आले, त्यांना त्याच सुळक्यात त्यांच्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले आणि त्यांनी त्याला 'ड्यूकचे नाक' असे नाव दिले. कर्नाळ्याच्या सुळक्यात आपण सगळेच अंगठा पाहतो. खडक तर खडकच आहे. नाग, नाक आणि अंगठा हे पाहणाऱ्याच्या मनातून खडकावर गेले. मेंदूला आकार शोधण्याची, त्यातही चेहरे शोधण्याची फार हौस आहे. तान्ह्या मुलालाही आईचा चेहरा चटकन ओळखता यावा म्हणून ती उपयोगाची आहे. पण तीच हौस रस्त्याकडेच्या दगडात डोळे-नाक पाहते. मग कोणी तेथे शेंदूर लावतो, दुसरा नारळ फोडतो, आणि तिसऱ्या पिढीला तो दगड होता हे सांगूनही पटत नाही.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी दिल्लीपासून मुंबईपर्यंत गणपती दूध पितो म्हणून देवळांपुढे रांगा लागल्या. शिकलेसवरलेले लोकही सांगत होते, "स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं." त्यांनी चमच्यातले दूध कमी होताना पाहिले, हे खरेच होते. पण द्रवाच्या पृष्ठभागाला ताण असतो. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या दगडाला टेकवून जरा कलता केला, की दूध दगडाकडे ओढले जाते आणि पातळ थर होऊन खाली ओघळते. पांढऱ्या मूर्तीवर पांढरा ओघळ दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ सर्वांना दिसला. म्हणजे डोळ्यांनी पाहिले ते खरे होते. मनाने त्याचा लावलेला अर्थ खोटा होता. "मी पाहिले" आणि "मला वाटले" ही दोन वाक्ये वेगळी ठेवायला आपल्या मुलांना शिकवा.

चकवा

आपल्याकडे खाजणातून, मिठागरांच्या बांधावरून किंवा रानातून रात्री घरी येणारा माणूस कधी वाट चुकतो. तासभर चालतो आणि पुन्हा त्याच झाडापाशी येतो. लोक म्हणतात, चकवा लागला, भुताने फिरविले. अनुभव खोटा नाही. माणूस खरोखरच फिरून तेथेच येतो.

जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी याची परीक्षा घेतली आणि २००९ साली ती प्रसिद्ध केली. त्यांनी काही माणसांना जर्मनीतील जंगलात आणि ट्युनिशियातील सहारा वाळवंटात "सरळ चालत राहा" असे सांगून सोडले आणि त्यांची वाट यंत्राने टिपली. सूर्य दिसत होता तोवर माणसे सरळ चालली. आभाळ भरून आले, तेव्हा जंगलातील माणसे गोल फिरली. स्वतःचीच मागची वाट ओलांडली, तरी आपण सरळच चाललो आहोत अशी त्यांची खात्री होती. वाळवंटात रात्री चालणारा एकजण चंद्र दिसत होता तोवर सरळ गेला. चंद्र ढगाआड जाताच वळत वळत आल्या दिशेला परत निघाला. डोळे बांधून चालविले, तर काहीजण वीस मीटरांपेक्षाही लहान वर्तुळात फिरत राहिले.

याचे कारण असे आहे. "समोर" म्हणजे कोणती दिशा, हे मेंदू पावलागणिक ठरवीत असतो. प्रत्येक पावलाला बारीकशी चूक होते. सूर्य, चंद्र, डोंगर किंवा दिवा दिसत असेल, तर ती चूक आपोआप दुरुस्त होते. काहीच दिसत नसेल, तर चुकीत चूक मिसळत जाते आणि वाट वाकते. जर्मनीच्या जंगलात आपला चकवा गेला नव्हता. तो प्रत्येक माणसाच्या डोक्यात आहे. त्याच्यावर उतारा म्हणजे हातातली बॅटरी, ओळखीची खूण, आणि काही दिसत नसेल तर उजाडेपर्यंत थांबणे.

छातीवर बसणारे भूत

पुष्कळांनी हे अनुभवले असेल. पहाटे जाग येते, डोळे उघडतात, पण हात-पाय हलत नाहीत. ओरडावेसे वाटते, तोंडातून शब्द फुटत नाही. छातीवर कोणी बसल्यासारखे दडपण येते. खोलीत कोणीतरी उभे आहे असे वाटते. काही क्षणांनी, फार तर एक-दोन मिनिटांनी, सारे नाहीसे होते. मग घरात बोलणे निघते, मुंजा होता, हडळ होती. देव होते तोवर घराला राखण होती, आता ती गेली.

वस्तुस्थिती अशी, की आपण स्वप्ने पाहतो तेव्हा मेंदू हातापायांच्या स्नायूंना कुलूप घालतो. ते नसते, तर स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणातून उठून भिंतीवर आदळला असता. कधी कधी जाग आधी येते आणि कुलूप मागाहून उघडते. डोळ्यापुढे खरी खोली असते आणि तिच्यात स्वप्नाचा अवशेष मिसळतो. जागरण झाले, झोपेच्या वेळा बदलत राहिल्या किंवा उताणे झोपले, की हे अधिक होते. तळोज्याच्या कारखान्यांत रात्रपाळी आणि दिवसपाळी आलटून पालटून करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. अशा वेळी घाबरू नये; एखादे बोट हलविण्याचा प्रयत्न करावा, श्वासाकडे लक्ष द्यावे. कुशीवर झोपावे, झोपेची वेळ शक्य तितकी सांभाळावी. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगावे.

हा अनुभव जगभर आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर लोक म्हणतात, म्हातारी चेटकीण छातीवर बसली. जपानात याला कानाशिबारी म्हणतात. कोकणात मुंजा, न्यूफाउंडलंडमध्ये म्हातारी. भूत खरे असते, तर देश बदलला म्हणून त्याने वेश कशाला बदलला असता? मेंदूची अवस्था सर्वत्र एक आहे. तिला कपडे मात्र ज्याचे त्याचे गाव घालते.

मन जमा लिहिते, खर्च लिहीत नाही

आता मूळ शंकेकडे येऊ. देव काढले आणि मुलाला ताप आला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण पहिल्यामुळे दुसरी झाली, हे कोणी ठरविले?

आधी मुलांबरोबर एक खेळ खेळा. लंडनमधील पीटर वॅसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली तो प्रसिद्ध केला. समोरच्याला सांगा, "२, ४, ६ हे तीन आकडे माझ्या मनातल्या नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन-तीन आकडे सांगा, मी हो किंवा नाही म्हणेन. खात्री झाली की नियम सांगा." बहुतेकजण म्हणतात ८, १०, १२. हो. मग २०, २२, २४. हो. दोन-तीन वेळा "हो" ऐकले, की ते छाती ठोकून सांगतात, "दोनदोनने वाढणारे सम आकडे!" हे उत्तर चूक आहे. नियम एवढाच होता, की आकडे चढत जावेत. १, २, ३ किंवा ५, १८, ९० सुद्धा चालले असते. पण आपली समजूत मोडेल असे आकडे विचारण्याचे फार थोड्यांना सुचते. मनाला "हो" ऐकण्याची गोडी आहे. एकदा समजूत बसली, की ते तिचे पुरावे गोळा करते आणि तिच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टींकडे पाठ फिरविते.

याचे औषध म्हणजे चार घरांचा हिशेब. वहीच्या पानावर चार चौकोन आखा. पहिल्यात लिहा, देव काढले आणि आजार आला. दुसऱ्यात, देव काढले आणि आजार आला नाही. तिसऱ्यात, देव होते तरी आजार आला. चौथ्यात, देव होते आणि आजार आला नाही. आता वस्तीतील घरे आठवून चारही चौकोन भरा. आपले मन आणि शेजारणीची जीभ फक्त पहिला चौकोन मोजते. तिसऱ्यात किती नावे येतात ते पाहा. देव्हारा भरलेला असताना घरात कधी ताप आला नव्हता काय? गावात पटकी येई तेव्हा मरीआईला बोकड-कोंबडे देऊनही घरेच्या घरे उठत होती ना? पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यात ओळखला. पुढे पाणी शुद्ध करून मिळू लागले आणि गावोगावची पटकी हटली. मरीआईचा राग नवसाने शमला नव्हता. तो स्वच्छ पाण्याने शमला.

आणखी एक साधे गणित. घरात पाच माणसे आहेत आणि प्रत्येकाला वर्षातून दोनदा सर्दी-ताप येतो असे धरा. म्हणजे वर्षाला दहा दुखणी झाली. मग वर्षातला कोणताही दिवस घ्या, त्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत घरात कोणीतरी आजारी पडणारच. शिवाय आपल्यापैकी पुष्कळांची दीक्षा दसऱ्याच्या सुमारास, १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला धरून होते. कोकणात पाऊस सरता सरता डासांचे ताप वाढतात, तो हाच काळ. डास दीक्षा घेतलेले घर आणि न घेतलेले घर असा भेद करीत नाही.

नवसाचा हिशेब असाच एकतर्फी असतो. ज्याचा नवस फळतो तो देवळात घंटा बांधतो. ती सर्वांना दिसते. ज्याचा फळत नाही तो गुपचूप घरी बसतो. त्याची घंटा कोठेच वाजत नाही. प्राचीन ग्रीक लोकांत डायागोरस नावाचा एक नास्तिक होऊन गेला. नवस बोलून वादळातून वाचलेल्यांची चित्रे देवळात टांगलेली त्याला कोणी दाखविली. त्याने विचारले, की नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रे कोठे आहेत? हा प्रश्न प्रत्येक नवदीक्षित घराने पाठ करावा.

विंचू कोणी उतरविला?

हा हिशेब चुकला, तर त्यात जीव जातो. याचे उदाहरण आपल्याच रायगड जिल्ह्यात, मुंबई-गोवा रस्त्यावरील महाडचे आहे. ज्या महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी घेऊन माणुसकीचा हक्क बजावला, त्याच महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. लोक प्रथम भगताकडे जात आणि मंत्राने विंचू उतरवून घेत.

भगताला यश मिळत नसे काय? मिळत असे, आणि खोच तीच आहे. विंचवाचे पुष्कळसे दंश प्राणघातक नसतात. वेदना भयंकर होतात, पण काही तासांत, दिवसभरात त्या आपोआप ओसरतात. त्या वेळी जो मंत्र म्हणत बसलेला असतो, त्याच्या नावावर श्रेय जमा होते. सापाचेही तसेच. भातखाचरात, विहिरीत दिसणारी दिवड किंवा घराभोवती फिरणारी धामण बिनविषारी आहे. ती चावलेला माणूस मंत्राने वाचतो आणि मंत्राशिवायही वाचतो. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले आणि वेळ भगताकडे गेला, तर माणूस हातचा जातो. मग म्हणतात, "उशीर झाला," "निष्ठा कमी पडली." वाचला तर मंत्राने, मेला तर नशिबाने. असा हिशेब ठेवणारा सावकार कधी बुडत नाही. बुडते ते कूळ.

डॉ. बावस्करांनी दुसऱ्या तऱ्हेने हिशेब ठेवला. वाचलेल्यांबरोबर दगावलेल्या रोग्यांच्याही नोंदी केल्या. रात्ररात्र रोग्याजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास लिहून ठेवला. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांना दिसले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरले आणि १९८६ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. गंभीर दंश झालेल्या शंभर रोग्यांत जेथे पूर्वी सुमारे चाळीस दगावत, तेथे हे प्रमाण एकापर्यंत खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भगताचे मन आणि डॉक्टरांचे मन एकाच मातीचे आहे. डॉक्टरांनी चारही चौकोन भरले, एवढाच फरक.

म्हणून साप किंवा विंचू चावला, तर रोग्याला धीर द्या, चावलेला भाग हलू देऊ नका आणि त्याला तडक पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही शेजाऱ्यांना सांगा.

मनात बसलेली जात

मनाची शेवटची खोडी आपल्याला सर्वांत जवळची आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधक महिलांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांत सहावी-सातवीतील मुलांची एक परीक्षा घेतली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. कागदावरील वाटांच्या जाळ्यातून बाहेर पडण्याची कोडी सोडवायची आणि सुटलेल्या कोड्यांबद्दल पैसे मिळवायचे, असा तो प्रयोग होता. मुलांची जात कोणी उच्चारली नाही, तेव्हा दलित मुलांनी आणि तथाकथित उच्चवर्णीय मुलांनी जवळजवळ सारखीच कोडी सोडविली. मग दुसऱ्या गटात प्रत्येक मुलाचे नाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखविली. तेवढ्याने दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. मुलांची बुद्धी तीच होती, कोडीही तीच होती. मधे आला तो जातीचा एक शब्द.

बंधूंनो, बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' ग्रंथात जातीचे खरे ठाणे माणसाच्या मनात असल्याचे सांगून ठेवले होते. मनातली गोष्ट मन बदलल्याखेरीज जात नाही, म्हणूनच त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास धम्मदीक्षा घेतली आणि दिली. दीक्षा म्हणजे केवळ नाव आणि विधी बदलणे नव्हे. "तू कमी आहेस" हा जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या आपल्या मुलांच्या कानांवर पडला, तो पुसून "तू माणूस आहेस" हा शब्द तेथे लिहिणे, म्हणजे दीक्षा. तेव्हा घरात रागाच्या भरातसुद्धा मुलाला "आपल्या नशिबी हेच" असे म्हणू नका. मूल ते विसरत नाही. त्याचे मन ते परीक्षेच्या दिवशी काढते.

घरी काय करावे?

पहिले, म्हातारीच्या भीतीला हसू नका. तिने साठ वर्षे ज्याला हात जोडले, त्याची भीती साठ दिवसांत कशी जाईल? तिची भीती खरी आहे. भीतीचे कारण तेवढे खोटे आहे. भीतीने डोके दुखते, पोटात कालवते, झोप उडते, आणि तिला वाटते हाच कोप. तिच्याजवळ बसा, मैत्रीने बोला, तिच्याबरोबर चार चौकोन भरा. अंगाऱ्याने तिला बरे वाटत होते, त्यात कोणीतरी कपाळावरून हात फिरविला याचाही मोठा वाटा होता. तो हात आता आपण फिरवावा.

दुसरे, आजार आला की प्रथम दवाखाना. वाद नंतर.

तिसरे, कोणी चमत्कार सांगितला तर तीन प्रश्न विचारा. प्रत्यक्ष काय पाहिले? दुसरे कोणते कारण असू शकेल? असे न घडल्याची उदाहरणे किती?

चौथे, हेच प्रश्न स्वतःलाही विचारा. आपल्या मनाचा आंधळा ठिपका दीक्षेने बुजत नाही. बौद्ध झालो म्हणून आपण चुकत नाही असे मानणे, हीही मनाचीच खोडी आहे. विहारात कोणी ताईत, दोरा किंवा 'मंतरलेले पाणी' देऊ लागला, तर त्यालाही चार चौकोन दाखवा.

पाचवे, रोज थोडा वेळ शांत बसून मनाकडे पाहा. भीती उठली तर "भीती उठली आहे" एवढे ओळखा. राग उठला तर "राग उठला आहे". तथागतांनी सतिपट्ठानात मनाकडे असे पाहायला शिकविले आहे. ज्याला चोराचा चेहरा माहीत आहे, त्याच्या घरी चोर सहसा येत नाही.

देव्हारा उतरवायला एक दिवस पुरला. मनाचा हिशेब मात्र रोज सायंकाळी, दुकानदार गल्ला मोजतो तसा, मोजावा लागेल. तो घरातल्या सर्वांनी मिळून मोजावा, म्हणजे पुढच्या वेळी शेजारीण दारात येऊन ते वाक्य बोलेल, तेव्हा म्हातारीच तिला आत बोलावील, चहा देईल आणि वही उघडून चार चौकोन दाखवील.

अभ्यासासाठी प्रश्न
(रविवारी विहारात मुलांकडून उत्तरे घ्यावीत.)

१. आंधळ्या ठिपक्याच्या जागी भोक न दिसता पांढरा कागद का दिसतो?
२. चकवा लागतो म्हणजे नेमके काय होते? तो टाळण्यासाठी काय करावे?
३. "मी पाहिले" आणि "मला वाटले" यांतील फरक १९९५ च्या दूध पिण्याच्या घटनेवरून सांगा.
४. आपल्या वस्तीत ऐकलेली एखादी नवसाची गोष्ट घेऊन चार घरांचा हिशेब मांडा.
५. कालामांना तथागतांनी केलेला उपदेश आणि डॉ. बावस्करांची कामाची पद्धत यांत कोणते साम्य दिसते?

जयभीम! नमो बुद्धाय!